मी निरोपाचा फोटो नाही

मित्रांनो, माझ्यासमोर आलात की खालची पाटी लगेच वाचू नका. आधी माझ्याकडे नीट बघा. बेचाळीस वर्षे लोकांनी पाटी वाचून मला बघितले, आणि माझ्याविषयी जे चुकीचे होते तेच घरी नेले. त्यात थोडा दोष त्यांचा, थोडा माझा, आणि मोठा दोष एका बारीक ब्रशचा. आज मी गप्प बसणार नाही.

मी काळापांढरा, रुंदीला दोन वीत असलेला, जाड कागदावरचा जुना फोटो आहे. नेब्रास्कातल्या स्टिल्सन गावच्या बंद पडलेल्या स्टेशनात आता रेल्वेचे म्युझियम आहे. तिथल्या सामानघरात, उत्तरेच्या खिडकीजवळ मी टांगलेला असतो.

माझा जन्म १९५१च्या जुलैतला. औषधाच्या दुकानामागे ऑर्विल टीग नावाचा फोटोवाला होता. एका दुपारी तो आपला जड कॅमेरा घेऊन रुळांजवळ उभा राहिला. न थांबता जाणारी मालगाडी आली, त्याने एकदाच बटण दाबले, आणि संध्याकाळी तळघरातल्या लाल दिव्याखाली, फोटो धुण्याच्या औषधाच्या ट्रेमध्ये मी डोळे उघडले. आधी इंजिनाचा काळा रंग आला, मग स्टेशनाचे छप्पर, आणि शेवटी एक मुलगी.

तेव्हा माझ्यात काय काय होते ते लक्षात ठेवा. वेगात आलेले वाफेचे इंजिन होते. त्याच्या डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलेला, कोळसा टाकणारा तरुण फायरमन होता. स्टेशनाच्या छपरावर सिग्नलचा आडवा हात होता. आणि रुळापासून जेमतेम दोन पावलांवर ती मुलगी उभी होती. तिच्या उंचावलेल्या हातात वेताची मोठी रिंग होती. लांब दांड्याची, टेनिसच्या रॅकेटची जाळी काढून टाकावी तशी. त्या रिंगेला एक पातळ कागद चिमट्यात लावलेला होता. पुढे कोणत्या स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, ते त्या कागदावर लिहिलेले असे. गाडी थांबत नसे. फायरमनने धावत्या गाडीतून त्या रिंगेत हात घालायचा, कागद काढून घ्यायचा आणि रिंग खाली टाकून द्यायची. कागद चुकला तर एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर.

ऑर्विलने मला कपड्यांच्या चिमट्याने वाळत घातले आणि तोंडाने च्यक् केले. "सगळं झकास आलंय. ही काठी मेली मधेच कुठून तडमडली?"

कुठून ते त्याला चांगले ठाऊक होते. त्या गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होते. पण रिंगेचा दांडा मुलीच्या गालावरून गेला होता, आणि पुढच्या महिन्यात जत्रेत फोटोंची स्पर्धा होती.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्रश घेतला. आकाशात जिथे रिंग होती तिथे जाड पांढुरका रंग बसवला. गालावर राखाडी रंगाने नवा गाल काढला. दांड्याखाली ओठाचा एक कोपरा झाकला गेला होता, तो त्याने आपल्या मनाने काढला, जरासा खाली झुकलेला, रडवेला. हात तेवढा तसाच उंच ठेवला, रिकामा. मग माझ्याखाली त्याने एकच शब्द लिहिला. निरोप.

मला जत्रेत पहिले बक्षीस मिळाले. माझ्या चौकटीला निळी फीत लावली. त्या वर्षी गावातली कितीतरी पोरे कोरियाच्या लढाईवर होती. त्यांच्या आया माझ्यासमोर येऊन डोळे पुसत. माझी पोस्टकार्डे निघाली आणि ती घराघरांत आरशांना अडकवली गेली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. मी रंगाखाली गप्प बसलो. कौतुक होत असताना कोण तोंड उघडतो?

एकदा माझ्यातली ती मुलगीच आली; एकट्या तिने डोळे पुसले नाहीत. कामावरचा कोट, बोटांवर कार्बन कागदाची शाई. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि शेजारी उभ्या असलेल्या ऑर्विलला विचारले, "माझी रिंग कुठंय?"

"अगं अल्बिना, त्या रिंगेनं तुझा चेहराच झाकला होता. आता बघ कशी दिसतेस!"

"चेहरा दाखवायला उभी नव्हते मी तिथं. माझ्या चेहऱ्याकडे बघून गाडी बाजूच्या रुळावर जाते का?"

"लोकांना आवडलंय, पोरी."

"मग लोकांनाच उभं कर रुळाजवळ," असे म्हणून ती निघून गेली. पुन्हा कधीही मला बघायला आली नाही.

पुढे माझे दिवस फिरले. काही वर्षे मी बँकेत, पैसे भरणाऱ्यांच्या रांगेसमोर होतो. बँकेने जागा बदलली तेव्हा ऑर्विलच्या भाचीने मला घरी नेले आणि पियानोमागे भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझ्या चौकटीत कोळ्यांच्या चार पिढ्या नांदल्या असतील. ऑर्विल वारला, त्याचे दुकान पाडले, तळघरातल्या फिल्म कचऱ्याच्या गाडीतून गेल्या. माझ्यासारखा दुसरा मोठा फोटो राहिला नाही. पोस्टकार्डे होती, पण ती सगळी रंग दिल्यानंतरची. खरे काय ते माझ्यावरच्या रंगाच्या थराखाली, आणि फक्त तिथेच होते.

१९९३च्या वसंतात म्युझियमने प्रदर्शन भरवायचे ठरवले. रेल्वेची जुनी तैलचित्रे, जलरंगातली चित्रे आणि फोटो. भाचीने मला देऊन टाकले. म्युझियम सांभाळणारी मार्गो लिंडक्विस्ट लिंकन शहरातून आलेली, तिशीतली, कामाला चोख बाई होती. तिने माझी काच पुसली आणि मला भिंतीच्या मध्यावर जागा दिली. प्रदर्शनाचे नावसुद्धा माझ्यावरून ठेवले. निरोप. माझे पोस्टर गावभर लागले.

उद्घाटनाला आठवडा होता. सोमवारी सकाळी निवृत्त रेल्वेवाले हातात कॉफीचे कप घेऊन चित्रे बघायला आले. त्यांना चित्रकला कळत नव्हती, पण गाडी कळत होती. माझ्या शेजारच्या भल्या मोठ्या तैलचित्रापुढे ते हसत सुटले.

"झेंडे बघ कसे मागं फडफडतायत. आणि धूर पुढं चाललाय!"

"चित्रकारालाच विचार गाडी कुठं चाललीय. ड्रायव्हरला काही माहीत दिसत नाही."

त्यांच्यातला एक हसत नव्हता. तो माझ्यासमोर थांबला. सहासष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. माझ्या खिडकीतल्या फायरमनचा हात मी बेचाळीस वर्षे अंगावर वागवत होतो. तो हात मी लगेच ओळखला.

त्याने पाटी मोठ्याने वाचली. "'निरोप, १९५१. कामावर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणारी अनामिक पत्नी.' कुणी लिहिलंय हे?"

"मी," मार्गो म्हणाली. "का हो? काही चुकलं का?"

"साल बरोबर आहे."

तो काचेजवळ गेला. "पोरी, तो छपरावरचा सिग्नल बघ. हात कसा आहे?"

"आडवा."

"आडवा म्हणजे कागद आहे, घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. आता खिडकीतला तो गाढव बघ. टाटा करताना कुणी असा कोपरात वाकवून हात बाहेर काढतं का?"

मार्गोने आपला हात तसा करून पाहिला. "नाही."

"रिंग अडकवायची असली की असाच काढावा लागतो. तो गाढव मी आहे. वेन्सिल होलेचेक. आणि ही अल्बिना, इथली तार ऑपरेटर. ती मला निरोपबिरोप देत नव्हती. पुढं कुठं थांबायचं ते सांगत होती."

"त्या इथंच राहतात का? मला त्यांना भेटायला आवडेल."

"जानेवारीत गेली."

मार्गोने हातातली पाट्यांची यादी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "पण मिस्टर होलेचेक, रिंग तर यात दिसत नाही."

"तेच ती म्हणत होती. जत्रेनंतर मला म्हणाली, माझ्याबरोबर ऑर्विलकडं चल. तूच तर रिंग घेतलीस, तू सांग त्याला. आमची तेव्हा नुकतीच ओळख वाढत होती. मी म्हटलं, जाऊ दे ना, छान तर दिसतेस." त्याने टोपी काढून हातात घेतली. "आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. नंतर लग्न झालं, सगळं झालं, पण हा फोटो घरात कधी आणू दिला नाही. आता तिच्या मागं सगळं गाव तिला रडकी बायको म्हणून बघणार. हे मला चालणार नाही."

मित्रांनो, मीही रंगाखालून ओरडत होतो. पण फोटोचे ओरडणे कुणाला ऐकू जाते?

एवढ्यात म्युझियमच्या समितीचे अध्यक्ष आले. डॉक्टर क्लाइड ऑस्टरगार्ड, गावातले निवृत्त दातांचे डॉक्टर. सगळे ऐकून ते म्हणाले, "अरे वेन्स, पोस्टरं लागलीत गावभर. लोकांच्या मनात हा फोटो बसलाय. एका काठीवरून काय भांडतोस?"

"क्लाइड, तू माझी चांगली दाढ उपटलीस आणि किडकी तशीच ठेवलीस. तेव्हाही म्हणाला होतास, एका दाढेवरून काय भांडतोस."

म्हातारे खो खो हसले. डॉक्टर हसले नाहीत.

मार्गोने मला भिंतीवरून उतरवले, चौकटीतून काढले आणि टेबलावर ठेवून दिवा बाजूने धरला. समोरून जे दिसत नव्हते ते तिरप्या उजेडात दिसले. आकाशात रंगाच्या थराची बारीक कड उठून आली होती, गोल, आणि तिच्यापासून निघून गालावरून खाली येणारी एक पट्टी. मार्गोने दिवा आणखी खाली आणला. "आहे. खाली काहीतरी आहे."

"पुसून काढ," वेन्सिल म्हणाला.

"आकाशातला रंग निघेल बहुतेक. गालावरचा मात्र त्यानं घट्ट बसवलाय. ओल्या कापसानं काढताना खालचा थरही सोलून येऊ शकतो. मग चेहराच जाईल. आणि असा दुसरा फोटो जगात नाही."

डॉक्टर म्हणाले, "ऐकलंस? रिंग शोधायला जाशील आणि बायको घालवून बसशील."

वेन्सिलने टेबलाची कड धरली. त्याने टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.

"समिती काहीही म्हणो," मार्गो डॉक्टरांना म्हणाली, "खोटं आहे हे कळल्यावर मी ही पाटी लावणार नाही. रंग पुसायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. ते नाही म्हणाले तर फोटो भिंतीवर जाणार नाही."

"अगं, प्रदर्शनाचं नावच त्याच्यावर आहे!"

"मग नाव बदलू."

तीन दिवस मी टेबलावर उताणा पडून होतो. मला कुणी विचारले असते तर मी काय सांगितले असते, ते ऐका. सोला मला. माझा गाल, माझे आकाश, हवे ते जाऊ द्या. पहिले बक्षीस मिळालेल्या खोट्या गालापेक्षा मला फाटलेला खरा गाल चालेल. मी भिंतीवर सुंदर दिसण्यासाठी जन्मलो नाही. त्या दुपारी त्या क्षणी काय घडले, एवढेच माझे काम. ते काम मला बेचाळीस वर्षे करू दिले नव्हते.

गुरुवारी सकाळी वेन्सिल आला. दाढी केलेली, हातात बेकरीची पिशवी. त्याने ती मार्गोपुढे ठेवली. "कोलाचे आणलेत, खसखस भरलेले गोड पाव. बेकरीतले आहेत, तेव्हा कौतुक करू नकोस."

"काय ठरलं?"

"घरी तिचे फोटो पेटीभर आहेत. सगळ्यांत हसतेय, कारण समोरचा म्हणतोय, हस. कामावरचा एकही नाही. हा एकच, आणि हाही खोटा. पुस."

"आणि चेहरा गेला तर?"

"चेहरा मला पाठ आहे," तो म्हणाला. "तिचं काम कुणाला पाठ नाही."

मार्गोने मला खिडकीच्या उजेडात घेतले. पातळ काडीला कापूस गुंडाळला, जरासा ओला केला आणि आकाशाच्या एका कोपऱ्याला लावला. कापूस पांढुरका झाला. तिने तो टाकला, दुसरा घेतला. मला गुदगुल्या झाल्यासारखे झाले, मग थंड वाटले, मग बऱ्याच वर्षांनी हवा लागली. वेन्सिल हात पाठीमागे बांधून उभा होता. दुपारपर्यंत वेताची रिंग पूर्ण गोल दिसू लागली. चिमट्यातला कागदसुद्धा वाऱ्यावर उडताना दिसला.

"बघ," वेन्सिल एवढेच म्हणाला.

मग गाल. इथे मार्गोने बघायला जमलेल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. वेन्सिल हलला नाही, तिनेही त्याला पुन्हा सांगितले नाही. दांडा सुटून आला. पण हनुवटीजवळ रंग हट्टाला पेटला, आणि कापसाबरोबर माझे बोटाच्या नखाएवढे कातडे निघाले. खालचा पांढरा कागद उघडा पडला. मार्गोचा हात थांबला. "सॉरी," ती म्हणाली. "फार सॉरी."

"थांबू नकोस. ओठ राहिलाय."

तिने ओठाचा कोपरा पुसला. ऑर्विलने काढलेला रडवेला कोपरा कापसावर गेला. खाली खरा ओठ होता, घट्ट मिटलेला. तिच्या भुवया आता कळल्या. ती मुलगी निरोप देत नव्हती, दुःखीही नव्हती. ती भयंकर चिडलेली होती.

वेन्सिल मोठ्याने हसला. मार्गो दचकली.

"हीच ती! अगं, मी नवा होतो. रिंगेतून कागद काढायला मला फार वेळ लागायचा, मग रिंग पाव मैल पुढं जाऊन पडायची. परत आणायला तिला उन्हातून, काट्याकुट्यांतून जावं लागायचं. आदल्या दिवशी तर मी रिंग नाल्यात टाकली होती. म्हणून बघतेय अशी. कागदाबरोबर तिनं चिठ्ठी लावली होती त्या दिवशी. 'होलेचेक, रिंग जवळ टाक, नाहीतर पुढच्या वेळी ती तुझ्या डोक्यात घालीन.'"

तो हसता हसता खुर्चीत बसला आणि मग बराच वेळ हसत नव्हता. मार्गोने त्याच्यापुढे एक कोलाचे ठेवले आणि ती आपले कापसाचे बोळे आवरू लागली.

शुक्रवारी तिने नवी पाटी लिहून त्याला दाखवली. 'श्रीमती अल्बिना होलेचेक, निवृत्त इंजिन ड्रायव्हर वेन्सिल होलेचेक यांच्या पत्नी, धावत्या गाडीला आदेशाचा कागद देताना.' तिला वाटले, त्याला बरे वाटेल.

त्याने पाटी दोनदा वाचली. खिशातून पेन काढले, आपले नाव खोडले. मग तिच्या नावापुढचे होलेचेकही खोडले.

"अहो, हे काय?"

"त्या दिवशी ती माझी कोणी नव्हती. स्क्लेनार लिही. तिचं माहेरचं नाव. अल्बिना स्क्लेनार, तार ऑपरेटर. आणि पुढं लिही, ड्यूटीवर."

"तुमचं नाव कुठंतरी हवंच ना? खिडकीत तर तुम्हीच आहात."

"मी नुसता हात बाहेर काढला होता. फोटो तिचा आहे."

शनिवारी उद्घाटन झाले. डॉक्टर ऑस्टरगार्ड आले, पोस्टरवरच्या 'निरोप' शब्दावर त्यांनी स्वतःच कागद चिकटवला होता, आणि तो वाकडा चिकटवला होता. काही लोक माझ्यासमोर थांबून म्हणाले, जुनाच बरा होता, हनुवटीला काय झालं हे? एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले की त्यांच्या आईने माझे पोस्टकार्ड कोरियाहून परत न आलेल्या मुलासाठी आयुष्यभर जपले. त्यांचे मला वाईट वाटले. त्या आईचे रडणे खरे होते. खोटा मी होतो. पण तेवढ्यासाठी मी पुन्हा तो रंग अंगावर घेणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे जुने फोटो असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, उन्हात ठेवू नका. पण तेवढ्याने सांभाळणे होत नाही. त्यात कोण आहे, आणि ते माणूस तेव्हा काय करत होते, हे सांगणारे कुणी आहे तोवर विचारा आणि मागे लिहून ठेवा. हातात जे असेल ते राहू द्या, मग त्याने चेहरा झाकला तरी चालेल. आणि पुढे कधी कुणी मला नीट करायला ब्रश घेऊन आलाच, तर त्याला सांगा की या हनुवटीला हात लावायचा नाही. ती जागा मला फुकट मिळालेली नाही.

वेन्सिल दर मंगळवारी येतो. टोपी काढतो आणि जिच्यावर त्याचे नाव कुठेही नाही अशी ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. मग टोपी घालतो आणि ताठ चालत घरी जातो.